बायका उद्या

आमच्या गावाचं नाव ड्राय क्रीक, म्हणजे कोरडा ओढा. ज्याने हे नाव ठेवलं तो मेला एखाद्याच दुपारी इथे डोकावून गेला असणार. न्यूझीलंडच्या या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस थांबतो तो फक्त दम खायला. मी, केझाया ट्रेम्बाथ, लग्न होऊन इथे आले तेव्हापासून माझी एक चादर धड वाळलेली नाही. त्याचं खापर मी नवऱ्यावर फोडते, कारण पावसाशी भांडता येत नाही.

गाव नदीच्या अलीकडे. घरं, सोनं धुवायच्या जागा, दारूचा गुत्ता, सगळं अलीकडे. शाळा आणि डॉक्टरच्या गावाला जाणारी सडक पलीकडे. मध्ये माटाइ नदी, आणि नदीवर पूल नाही. पाणी उतरलेलं असलं तर घोड्यावरून जायचं, चढलं की कॉन टूहीचा पाळणा. पाळणा म्हणजे दोन काठांवरच्या खांबांमध्ये ताणलेल्या तारेवर लोंबणारी लोखंडी पेटी. तिच्यात दोन माणसं मावतात, किंवा एक माणूस आणि त्याच्यावर रागावलेली एक मेंढी. ती पेटी ओढायचा रहाट पलीकडे, कॉनच्या घरासमोर. त्याने रहाट फिरवला तर तुम्ही पलीकडे, नाही फिरवला तर काठावर उभं राहून त्याच्या नावाने बोटं मोडा.

पूल हवा, पूल हवा, असं आम्ही बायका वर्षानुवर्षं कोकलत होतो. पोरं शाळेला त्या पेटीतून जायची. ताप आला तर डॉक्टर त्या पेटीतून यायचा, आणि तो येईतो एकतर ताप उतरलेला असायचा, नाहीतर पोर गेलेलं असायचं. पुरुषांना घाई नव्हती. गुत्ता अलीकडेच होता ना.

मग अठराशे त्र्याण्णव साली, सप्टेंबरात, कायदा झाला आणि बायकांना मताचा हक्क मिळाला. नोव्हेंबरात निवडणूक लागली. आमच्या भागातून तिघे उभे होते. त्यातला पिम नावाचा लाकडाच्या वखारीवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, मी पूल बांधतो. आम्हाला तेवढं पुरे होतं.

आमच्याकडे तेव्हा मत द्यायची रीत अशी होती की हव्या असलेल्या माणसाला खूण करायची नाही. जे नकोत त्यांच्या नावांवर काट मारायची, उरेल तो आपला. टॉमसीन पोलग्लेझ, आमची पाववाली, दोनदा विधवा झालेली आणि आवाजाने नदी थांबवेल अशी बाई. तिच्या भट्टीमागे आम्ही सराव केला. पाटीवर आपापल्या नवऱ्याचं नाव लिहायचं आणि काट मारायची. एकीचाही हात अडला नाही. टॉमसीनने आपल्या दोन्ही नवऱ्यांना काट मारली आणि म्हणाली, "आता यात उरलं कोण ते सांगा."

हे सगळं कॉनच्या कानावर गेलं. कॉन मनाने वाईट नाही, पण पूल झाल्यावर त्याच्या पाळण्यात बसणार कोण? त्याचं घर त्या रहाटावर चालत होतं, आणि त्याची बायको ब्रायडी पोटुशी होती. तेव्हा एका शनिवारी गुत्त्यात त्याने टेबलावर उभं राहून शपथ घेतली. "माझ्या पाळण्यातून पुरुष जातील, टपाल जाईल, मेंढ्या जातील. मत द्यायला निघालेली एकही बाई जाणार नाही." सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. टेबलावरून घेतलेली शपथ, सगळ्यांसमोर, आता मोडायची कशी?

मतदानाच्या दिवशी नदी तुडुंब. आदल्या दिवसापासून कोसळत होता, घोडा घालायची सोयच नव्हती. आम्ही बायका टोप्या घालून, केकचे डबे घेऊन सकाळीच काठावर. मतपेटी पलीकडे शाळेत, संध्याकाळी बंद होणार. कॉनने एकेक पुरुष पलीकडे ओढून घेतला. माझा नवरा सायलस जाताना म्हणाला, "मी बोलतो त्याच्याशी, तू काळजी करू नकोस." गेला, मत देऊन आला, आणि कॉनच्या पडवीत चहाचा पेला घेऊन बसला. मला इकडून दिसत होता. पेला परत भरून घेतलेलाही दिसला.

"पुरुष आज, बायका उद्या," कॉन तिकडून ओरडला.

"मतदान आज आहे रे," टॉमसीन ओरडली. "उद्या काय, तुझं दुसरं लग्न आहे?"

"उद्या या. चहा पाजतो."

"तुझ्या चहात बुडव तुझं तोंड."

आता त्या खांबापाशी टांगलेल्या आगगाडीच्या रुळाच्या तुकड्याबद्दल सांगायला हवं. दोन्ही काठांवर एकेक आहे, शेजारी हातोडी. एक ठोका म्हणजे माणसाला जायचंय. दोन म्हणजे टपाल. तीन ठोके म्हणजे कुठेतरी बाई अडली आहे, सुईणीला न्या. तीन ठोक्यांना कॉन तोंडातला घास टाकून उठतो, रात्र असो, वादळ असो. ही रीत आमच्या सुईणीने घातली. युफेमिया डालगार्नो, सगळं गाव तिला आजी म्हणतं. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

मी आधी दोन ठोके मारून पाहिले. "टपाल आहे," म्हणून ओरडले.

"टपाल टोपी कधीपासून घालायला लागलं?" कॉन म्हणाला, आणि पडवीतले सगळे हसले. त्यात सायलसही हसला. ते मी लक्षात ठेवलं.

मग मी आजीकडे वळले. ती उपड्या बादलीवर बसली होती, काळा झगा, मांडीवर तिची पिशवी. ती पिशवी ती चर्चमध्येही घेऊन जाते.

"आजी, तीन मारू?"

"कोण अडलंय?"

"कुणी नाही. पण तीन ऐकले तर तो ओढेल. एकदा तुम्ही पलीकडे गेलात की तुम्ही आणि मी मत देऊन येऊ."

"हातोडी खाली ठेव, केझाया."

"अहो, एवढंसं खोटं."

"एवढंसं?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माझी एल्स्पेथ त्या पलीकडच्या काठावर बाळंतपणात दगावली. लेक माझी. मी इथे उभी राहून हा रूळ बडवत होते आणि तेव्हाचा पाळणेवाला म्हणाला, मला काय ठाऊक, पोरं रोजच खेळ म्हणून बडवतात. तीन ठोके कधी खोटे पडले नाहीत म्हणून कॉन धावतो. आज मी खोटे मारले तर पुढच्या वेळी तो आधी डोकं खाजवेल. तेवढ्यात बाई जाते. मला माहीत आहे किती वेळात जाते ते."

मी हातोडी ठेवली. पण माझा जीव चडफडत होता. "मग तुमच्या मताचं काय? सगळ्यात जास्त तुम्हालाच द्यायचं होतं ना?"

"हो, मलाच. या भागातला निम्मा पुरुष मी उलटा धरून पाठीत थापटी मारून रडवलाय. आता तेच मला सांगतात, आजी, तुला यातलं कळत नाही." तिने पिशवीचा बंद घट्ट केला. "मला तो पूल पाहिजे, केझाया. एल्स्पेथसाठी उशीर झाला. पण पाहिजे."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. म्हणून मी सायलसच्या नावाने ओरडून घेतलं.

दुपार कलली. केक आमच्याच पोटात गेले. तेवढ्यात रूळ वाजला. एक, दोन, तीन. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. हातोडी आमच्याकडे जमिनीवरच होती. रूळ पलीकडचा वाजला होता.

पलीकडे खांबाला धरून ब्रायडी उभी होती, हातात हातोडी.

पुढचं मला सायलसने सांगितलं, कारण तो तिथेच चहा ढोसत होता. कॉन आधी हसला. म्हणाला, "ब्रायडी, तुला फितवलं ना या बायकांनी? मला गाढव समजतेस?" ब्रायडी म्हणाली, "गाढवा, पहाटेपासून कळा येताहेत. तू शपथेवर पहारा देत होतास म्हणून बोलले नाही." कॉन म्हणाला, "शपथ घे." तेवढ्यात तिची पाणमोट फुटली, थेट कॉनच्या बुटांवर. त्याच्या तोंडचा रंगच उडाला. त्यानंतर रहाट असा फिरला की तारेतून धूर निघतो की काय असं वाटलं.

पाळणा आमच्या काठाला आदळला. आजी चढली. तिच्या मदतीला मी चढले. दोघी झालो म्हणेपर्यंत टॉमसीनही चढली.

"दोनच मावतात ना, बाई," मी म्हटलं.

"गरम पाणी कोण ठेवणार? तुझा सायलस?"

पाळणा मधोमध आला तेव्हा आमची बुडं पाण्याला टेकली. टॉमसीनने शेवटचा केकचा डबा डोक्यावर धरला होता. पलीकडे कॉन रहाटाला लोंबकळत होता आणि घामाघूम होऊन म्हणत होता, "लवकर, आजी, लवकर." एक बाई येऊ देणार नव्हता, तीन ओढत होता.

आजी उतरली ती थेट घरात. कॉन तिच्या मागे. रहाट मोकळा. टॉमसीनने बाह्या सारल्या. रोज मण मण पीठ मळणारी बाई ती. तिने रहाट हातात घेतला आणि आमच्या गावातल्या सगळ्या बायका एकामागून एक अशा ओढून घेतल्या की पुरुष चहा विसरून बघत राहिले. त्यातला एकजण म्हणाला, "अहो, कॉनची शपथ." टॉमसीन म्हणाली, "शपथ कॉनची आहे. मी कुठे घेतलीय?" बायका ओल्या झग्यांनी शाळेकडे निघाल्या.

घरात ब्रायडी येरझाऱ्या घालत होती. पहिलटकरीण, घाबरलेली, तरी विचारत होती, "आजी, तुमचं मत झालं?"

"आधी तू."

"माझंही नाव आहे यादीत."

"असू दे. यादी पळून जात नाही."

कॉन दारात उभा राहून टोपी पिळत होता. "आजी, तिला काही होणार नाही ना?"

"तुला होईल, दारातून हटला नाहीस तर."

थोड्या वेळाने आजी मला म्हणाली, "केझाया, तू जा. दोघी इथे बसलो तर दोन मतं बुडतील." मला जायचं नव्हतं. खरं सांगते, जायचं होतंही. मी चिखलातून धावत शाळेत गेले. मतपेटीमागचा साहेब, परगावचा, गळ्याला कडक कॉलर. मला म्हणाला, "बाई, पेन्सिल धरता येते ना?" मी म्हटलं, "सुई, कुऱ्हाड आणि नवरा धरता येतो, पेन्सिल जमेल." मग मत द्यायच्या पडद्याच्या आडोशामागे गेले. दोन नावांवर काट मारली. पिम उरला. बाहेर आले तर वाटलं, पाऊस थांबला असणार. थांबला नव्हता.

परत आले तेव्हा उजेड उतरायला लागला होता. ब्रायडी पलंगाची कड धरून, आजी गुडघ्यांवर. त्या गेलेल्या गुडघ्यांवर, फरशीवर. भिंतीवर घड्याळ होतं. मी त्याच्याकडे बघून बघून अर्धी झाले, आजीने एकदाही पाहिलं नाही.

बाळ आलं. मुलगी. आजीने तिलाही उलटी धरून थापटी मारली आणि ती टॉमसीनच्या तोडीचं रडली. मी म्हटलं, "आजी, चला, अजून वेळ आहे, मी बघते बाकीचं."

"वार पडल्याशिवाय मी हलत नाही."

"आजी, शाळा बंद होईल."

"होऊ दे."

असं म्हणताना तिचा ओठ थरथरला. मी पाहिलं. ब्रायडीनेही पाहिलं. आम्ही तिघींनी वाट बघितली. वार यायची तेव्हाच येते, तिला निवडणूक माहीत नसते. आली एकदाची. आजीने ती उजेडात धरून नीट तपासली, पूर्ण आहे म्हणाली, ब्रायडीचं पोट चोळलं, रक्त बघितलं, मग हात धुतले. आणि मग उठायला गेली तर तिला उठता येईना. गुडघे धरले होते.

ब्रायडी पलंगावरून म्हणाली, "कॉन."

कॉन आत आला. मुलीकडे पाहिलं आणि ढसाढसा रडायला लागला.

"रड नंतर," ब्रायडी म्हणाली. "आजीला शाळेत पोचव."

कॉनने नाक पुसलं. आजीकडे पाहिलं. आजीने त्याच्याकडे पाहिलं.

"कॉन," ती म्हणाली, "मी कुणाला ठेवणार आहे ते तुला माहीत आहे. तुझा पाळणा बंद पाडायला निघालेय मी."

"माहीत आहे, आजी." तो तिच्यापुढे पाठ करून बसला. "गळ्याला घट्ट धरा. चिखल फार आहे."

"आणि साहेबाला सांगा," ब्रायडी म्हणाली, "ब्रायडी टूही आज कामात आहे. पुढल्या वेळी येईल."

मी पुढे कंदील घेऊन धावले. मागून कॉन, पाठीवर आजी, आजीच्या हातात पिशवी, ती पिशवी कॉनच्या तोंडावर आपटत होती. शाळेपाशी साहेब दार लावायच्या खटपटीत होता, पण दारात टॉमसीन उभी होती. ती साहेबाला केशराच्या केकची कृती सांगत होती, सावकाश, प्रत्येक जिन्नस दोनदा. साहेब म्हणत होता, "बाई, सरका, मला दार लावायचंय." टॉमसीन म्हणत होती, "आता मनुका घालायच्यात, मनुका." त्या दारातून वाराही जात नव्हता. मला पाहताच ती बाजूला झाली आणि कॉन तसाच आत घुसला.

"थांबा," साहेब म्हणाला. "पुरुषाला बाईबरोबर आडोशात जाता येणार नाही."

"मी बरोबर नाही," कॉन म्हणाला. "मी खाली आहे."

साहेबाने घड्याळ काढलं, त्याच्याकडे पाहिलं, मग आजीच्या रक्ताने माखलेल्या झग्याकडे पाहिलं, आणि घड्याळ खिशात टाकलं. आजीला आडोशाशी उतरवलं. ती भिंत धरून आत गेली. फार वेळ लागला. बाहेर सगळे पुरुष टोप्या काढून उभे होते, का ते त्यांनाही माहीत नसावं. आजी आली, कागद पेटीत टाकला, आणि हात झग्याला पुसले. बाळ झाल्यावर पुसते तसेच.

कॉन परत पाठ करून बसला.

"ऊठ," आजी म्हणाली. "आता चालते मी. घाई मताची होती."

पिम निवडून आला. छातीवर हात ठेवून आभार मानून गेला तो गेलाच. पूल नाही, पुलाचा दगड नाही, पिमचं पत्रही नाही. तीन वर्षं तोच पाळणा, तोच रहाट, तोच कॉन. गुत्त्यातले पुरुष दात काढायचे, "काय मग, बायकांनो, पूल कुठे?" मी सायलसला त्या तीन वर्षांत किती वेळा करपलेली भाकर वाढली ते तोच जाणे.

पुढची निवडणूक आली, पिम परत उभा. त्या दिवशीही नदी तुडुंब. आम्ही काठावर गेलो तर पुरुष आधीच रांग लावून उभे, सायलस सगळ्यात पुढे. पाळणा आला. सायलसने पाय उचलला.

"खाली उतर," कॉन तिकडून ओरडला. "बायका आधी. पुरुष उद्या."

पलीकडे ब्रायडी रहाटापाशी उभी होती, काखेला मुलगी. मुलीचं नाव एल्स्पेथ. आम्ही सगळ्या बरोबरच शाळेत गेलो. ब्रायडी आडोशामागे गेली आणि आतून कागद टरकन फाटल्याचा आवाज आला. साहेब दुसरा होता, पण कॉलर तशीच कडक.

"बाई, हळू. नुसती रेघ मारायची असते."

"नवा कागद द्या," ब्रायडी म्हणाली. "पिमचं नाव तीन वर्षं साठवून ठेवलं होतं."

आजी माझ्याशेजारी बादलीवर बसली होती. हो, बादली ती घरून घेऊन आली होती. ती हसली, आणि मला म्हणाली, "झाला असता गं पूल एव्हाना, पण असू दे. आता पिमला कळेल, पाठीत थापटी कशी बसते ती."